भुरी ब्रेकखाली शिरली त्या दिवसापासून

आमची मांजर भुरी घरात आली त्याला आता सहा वर्षे झाली. तिच्याबरोबरचा पहिला लांबचा प्रवास मी आजही जसाच्या तसा सांगू शकते, कारण त्या प्रवासात माझ्या उजव्या पायाला ब्रेकच्या जागी काहीतरी मऊ लागले होते. गाडी मी चालवत होते, शेजारी दादा बसला होता आणि मागच्या सीटवर ठेवलेल्या पिंजऱ्यातून भुरी अखंड, एका सुरात ओरडत होती. तासभर ते ऐकल्यावर मला राहवले नाही आणि मीच दादाला म्हटले, "उघड रे जरा दार, बिचारी घाबरली आहे." दार उघडताच ती आधी त्याच्या खांद्यावर चढली, तिथून माझ्या मांडीवर उतरली आणि मला काही सुचायच्या आत पायांशी जाऊन पेडलच्या मागच्या कोपऱ्यात दडली. मी ब्रेक दाबायला गेले तर तो पुरता दबेना. रस्ता सरळ होता आणि वेगही बेताचा होता, म्हणून निभावले. पाय हळूच वर घेतला, गाडीचा वेग आपोआप कमी होऊ दिला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी कडेला लावली. दादा एवढेच म्हणत होता, "अगं, तू पुढे बघ, खाली बघू नकोस." भुरीला बाहेर काढताना ती त्याच्या अंगठ्याला कडकडून चावली, ती खूण अजून आहे.

त्या दिवशी पिंजऱ्याची कडी निघाली नव्हती की कुठला पट्टा तुटला नव्हता. दार मी उघडायला लावले होते आणि तेही दयेपोटी. प्राण्यांना घेऊन हिंडणाऱ्या अनेकांशी त्यानंतर बोलणे झाले, तेव्हा लक्षात आले की प्रवासातले निम्मे घोटाळे अशा कळवळ्यातूनच होतात. 'कोंडून कशाला ठेवायचे' म्हणून कुत्रा पुढच्या सीटवर मोकळा बसतो, 'पाच मिनिटांचेच काम आहे' म्हणून तो बंद गाडीत राहतो, 'उपाशी कशाला न्यायचे' म्हणून निघायच्या तोंडावर त्याला भरपेट खायला घातले जाते. प्राण्याला आपला प्रवास कुठे संपणार हे ठाऊक नसते. पायाखालची जमीन हलते आहे, ओळखीचे वास नाहीसे झाले आहेत आणि आवाज थांबत नाहीत, एवढेच त्याला कळते. त्याचे हे भय निघण्याच्या दिवशी लाड करून कमी होत नाही. ते कमी करायचे काम आधीच्या काही आठवड्यांत करावे लागते, आणि ज्यांनी ते केलेले नसते त्यांच्यावर माझ्यासारखे पेडलखाली मांजर शोधण्याची वेळ येते.

सुरुवात पिंजऱ्यापासून करावी. आपल्याकडून होणारी नेहमीची चूक ही, की पिंजरा वर्षभर माळ्यावर पडून असतो आणि दवाखान्यात जायच्या दिवशीच खाली उतरतो. मग मांजराच्या दृष्टीने पिंजरा म्हणजे सुई हे समीकरण पक्के होते आणि नुसता खडखडाट ऐकून ते कपाटावर पोहोचते. भुरीच्या बाबतीत मी ही गाठ सोडवायला पूर्ण दीड महिना घेतला. आधी पिंजऱ्याचे दार आणि वरचा अर्धा भाग काढून खालचा भाग नुसता तिच्या झोपायच्या कोपऱ्यात ठेवला आणि त्यात तिची जुनी, न धुतलेली चादर अंथरली. न धुतलेली हे महत्त्वाचे आहे, कारण मांजर गाल घासून वस्तूंवर जो वास सोडते तो त्याच्या लेखी 'हे माझे आहे' असा शिक्का असतो आणि आपण स्वच्छतेच्या नादात तोच धुऊन टाकतो. आठवडाभर तिने तिकडे ढुंकून पाहिले नाही. मग एका दुपारी ती तिथे झोपलेली दिसली. त्यानंतर वरचा भाग बसवला, चार दिवसांनी दार बसवले पण उघडेच ठेवले, मग ती आत खात असताना दार क्षणभर लावून लगेच उघडले, मग मिनिटभर लावले, मग पिंजरा उचलून खोलीभर फिरवून पुन्हा जागेवर ठेवला. नंतर बंद ठेवलेल्या गाडीत बसणे, सुरू गाडीत बसणे, एक वळसा घेऊन घरी परतणे असे टप्पे झाले. एखाद्या टप्प्यावर तिने कान मागे पाडले किंवा अंग चोरून घेतले की आम्ही एक पायरी मागे जात असू. ऐकायला हे कंटाळवाणे वाटते आणि करायलाही कंटाळवाणेच आहे, पण आज पिंजरा उघडा ठेवला तर ती दिवसातून दोनदा आपणहून आत जाऊन झोपते.

पिंजरा घेताना काही गोष्टी पाहाव्यात. मांजरासाठी कडक प्लास्टिकचा, वरूनही उघडणारा आणि मधोमध दोन भागांत सुटणारा पिंजरा उत्तम, कारण घाबरलेल्या मांजराला पुढच्या दारातून ओढून काढण्याऐवजी वरचे झाकण उचलून तपासता येते. तो फार मोठा नसावा. प्राण्याला उभे राहता, वळता आणि अंग पसरून झोपता आले पाहिजे, याहून जास्त जागा असेल तर प्रत्येक वळणावर तो आत घरंगळतो. तळाशी घसरणार नाही असे काहीतरी अंथरावे आणि त्यावर शू झाली तर शोषून घेणारा कपडा ठेवावा. पिंजरा नेताना वरच्या मुठीला धरून लोंबकळत नेण्यापेक्षा खालून दोन्ही हातांनी आधार द्यावा, कारण प्रत्येक पावलाबरोबर हिंदकळणारा मजला आपल्यालाही सोसवला नसता. वरून पातळ चादर टाकली की बहुतेक मांजरे शांत होतात, मात्र हवा खेळती राहील इतपत बाजू उघड्या असाव्यात.

कुत्र्याचा प्रश्न निराळा असतो, कारण त्याला बहुतेक वेळा प्रवास आवडतो आणि तीच अडचण होते. आमचा बंड्या बावीस किलोंचा आहे आणि गाडीचे दार उघडले की आपल्या आधी आत जाऊन बसतो. त्याला मागच्या सीटवर मोकळे सोडले तर अपघातात काय होईल याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने करता येतो. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर आतली न बांधलेली वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते आणि हा वेग सुमारे दहा मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूच्या वेगाइतका असतो. तिसऱ्या मजल्यावरून बावीस किलोंचा कुत्रा खाली पडतो आहे असे डोळ्यांसमोर आणले, की त्याचे स्वतःचे आणि पुढे बसलेल्या माणसाच्या मानेचे काय होईल हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून बंड्याला छातीभोवती रुंद पट्टे असलेला हार्नेस घालून तो सीटबेल्टच्या खाचेत अडकवला जातो. गळ्यातल्या पट्ट्याला साखळी बांधून ती सीटला अडकवणे हा उपाय नव्हे, कारण धक्क्याचा सगळा भार मग श्वासनलिकेवर आणि मानेवर येतो. बाजारातल्या बऱ्याच हार्नेसवर 'गाडीसाठी' असे छापलेले असते, पण प्रत्यक्ष धडक चाचणी घेतलेले त्यातले थोडेच असतात. विकत घेताना तेवढे एक विचारावे.

पुढच्या सीटवर कुत्र्याला बसवू नये, कारण समोरची एअरबॅग माणसाच्या उंचीचा आणि बसण्याचा विचार करून बनवलेली असते आणि तिचा फटका कुत्र्याच्या तोंडावर बसतो. खिडकीतून डोके बाहेर काढून वारा खाणारा कुत्रा छायाचित्रात फार गोड दिसतो, हे मी मान्य करते. पण रस्त्यावरची वाळू, किडे आणि खडे त्याच वेगाने त्याच्या डोळ्यांत आणि कानांत जातात, म्हणून आमच्याकडे काच चार बोटांपेक्षा खाली जात नाही. मांजराचा पिंजरा पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत खाली ठेवलेला सर्वांत बरा. तिथे तो दोन्ही बाजूंनी अडकून बसतो, हलत नाही आणि उन्हापासूनही वाचतो.

आता गाडी लागण्याबद्दल. माणसांना लागते तशी प्राण्यांनाही गाडी लागते आणि ती ओळखणे कठीण नसते, फक्त आपण उलटी होईपर्यंत थांबतो. त्याच्या बऱ्याच आधी कुत्रा वारंवार ओठ चाटू लागतो, एकामागून एक जांभया देतो, तोंडातून लाळेची तार लोंबते, कधी अंग थरथरते आणि एरवी मस्ती करणारा गडी अगदी गप्प होतो. जांभया पाहून 'झोप आली वाटते' असे आम्ही बंड्या लहान असताना म्हणायचो आणि पुढच्या पाच मिनिटांत सीटचे कव्हर काढून धुवावे लागायचे. पिल्लांना हा त्रास अधिक होतो, कारण तोल सांभाळणारा आतल्या कानाचा भाग त्यांच्यात अजून पुरता तयार झालेला नसतो. वर्षाचे होईपर्यंत बहुतेक पिल्लांचा त्रास आपोआप कमी होतो. पण तोवर प्रत्येक प्रवासात उलटी झालेली असेल, तर शरीर सुधारले तरी मन सुधारत नाही. मग गाडी दिसताक्षणीच लाळ गळू लागते. ही दुसरी गोष्ट आजारापेक्षा भीतीच्या अंगाने बघावी लागते आणि तिच्यावर पुन्हा तेच औषध आहे, थोडे थोडे करून सवय लावण्याचे.

निघण्याच्या तीन-चार तास आधी मोठ्या कुत्र्याचे आणि मांजराचे खाणे आटोपावे, पाणी मात्र तोडू नये. हा नियम सर्व प्राण्यांना लावायचा नाही हे आवर्जून सांगते. सशाला उपाशी ठेवणे घातक ठरते, कारण त्याच्या आतड्यांची हालचाल सतत खाण्यावर चालते आणि ती मंदावली की ती जीवघेणी आणीबाणी होते. ससा उलटीही करू शकत नाही, त्यामुळे उपाशी नेण्याचा त्याला काडीचा फायदा नाही. त्याच्या पिंजऱ्यात वाळलेले गवत प्रवासभर असले पाहिजे. पक्ष्यांच्या पिंजऱ्यातला झोका आणि पाण्याची वाटी गाडी चालू असताना काढून ठेवावी, पाण्याऐवजी रसदार फळाची फोड द्यावी आणि थांबल्यावर वाटी पुन्हा लावावी.

औषधांच्या बाबतीत माझे मत कडक आहे. कपाटात पडलेली माणसांची गोळी अर्धी करून प्राण्याला देणे हा निव्वळ वेडेपणा आहे. साध्या तापावरचे पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला पेलत नाही आणि एका गोळीनेही मांजर दगावू शकते. कुत्र्यांची प्रवासातली उलटी थांबवण्यासाठी मॅरोपिटंट नावाचे खास औषध आहे आणि ते प्रवासाच्या किमान दोन तास आधी द्यावे लागते, निघाल्यावर आठवले तर उपयोग नसतो. फार घाबरणाऱ्या मांजरांना पशुवैद्य गॅबापेंटिन देतात. त्याच कुळातल्या प्रीगॅबालिनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2023 च्या नोव्हेंबरात मांजरांच्या प्रवासातल्या आणि दवाखान्यातल्या भीतीसाठी मान्यता दिली. मात्रा वजनावर आणि तब्येतीवर ठरते, म्हणून ती इथे लिहीत नाही. एवढे मात्र करावे, की औषध कोणतेही असले तरी त्याची पहिली मात्रा प्रवासाच्या आधीच्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी देऊन बघावी. भुरीला पहिल्या वेळी इतकी गुंगी आली की ती सोफ्यावरून उडी मारायला गेली आणि धपकन खाली बसली. हे घरात झाले म्हणून आम्ही हसलो, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी मात्रा कमी केली.

उन्हाबद्दल सविस्तर लिहायलाच हवे, कारण प्रवासातले मृत्यू धडकेने होतात तसे ते गाडी उभी असतानाही होतात. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांमधून येणारा थोडासा घाम सोडला, तर तो अंगातली उष्णता धाप टाकून, जिभेवरच्या आणि श्वसनमार्गातल्या ओलाव्याचे बाष्पीभवन करूनच बाहेर टाकतो. भोवतालची हवाच तापलेली आणि दमट झाली की ही सोय निकामी होते. त्याचे नेहमीचे तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ते 41 च्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंड, आतडी अशा सगळ्यांवरच घाला येतो. बंद गाडी किती तापते याची मोजमापे 2005 साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. लहान मुलांच्या संदर्भात केलेला तो अभ्यास प्राणी पाळणाऱ्यांनीही वाचावा असा आहे. बाहेर जेमतेम 22 अंश असताना आणि काचा बंद असताना गाडीच्या आतले तापमान तासाभरात सरासरी आणखी 22 अंशांनी वाढले, त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली आणि काचा थोड्या उघड्या ठेवून फारसा फरक पडला नाही. म्हणजे ज्या हवेत आपण स्वेटर घालावा की नाही असा विचार करतो, त्या हवेतही उभी गाडी भट्टी होते. त्यामुळे आमच्या घरचा नियम असा आहे, की प्राणी बरोबर असेल तर गाडीत एक माणूस एसी चालू ठेवून बसतो किंवा प्राणी आपल्याबरोबर उतरतो. तिसरा पर्याय नाही. एकटीने प्रवास करताना मला यापायी कित्येकदा चहा न पिता पुढे जावे लागले आहे.

उष्माघात झालाच तर धाप थांबत नाही, हिरड्या गडद लाल होतात, लाळ चिकट होते, कुत्रा झिंगल्यासारखा चालतो आणि मग कोसळतो. अशा वेळी आधी थंड करावे आणि मग दवाखाना गाठावा, हा क्रम उलटा करू नये. त्याला सावलीत नेऊन अंगावर भरपूर साधे गार पाणी ओतत राहावे आणि वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये, कारण थोड्याच वेळात तो टॉवेल तापतो आणि उष्णता आतच कोंडतो. शुद्ध हरपलेल्या प्राण्याच्या तोंडात पाणी ओतू नये. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आणि पर्शियन मांजरांना हा धोका कितीतरी पटीने जास्त, कारण त्यांचा श्वसनमार्गच आखूड आणि अरुंद असतो.

विमानाच्या बाबतीतही हीच चपटी नाके सर्वांत आधी अडचणीत येतात. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने 2005 ते 2010 या पाच वर्षांत विमानप्रवासात दगावलेल्या 122 कुत्र्यांची जी माहिती प्रसिद्ध केली, तिच्यात जवळजवळ निम्मे कुत्रे आखूड नाकांच्या जातींचे होते. त्यानंतर अनेक विमान कंपन्यांनी या जातींना सामानाच्या कक्षात घेणे बंद केले. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचे, म्हणजे आयाटाचे, जिवंत प्राण्यांसाठी वेगळे नियमपुस्तक आहे आणि पिंजऱ्याची मापे, हवेची भोके, पाण्याची वाटी हे सगळे त्यावरून ठरते. छोटा प्राणी सीटखाली ठेवता येत असेल तर उत्तम. सामानाच्या कक्षाशिवाय गत्यंतर नसेल तर थेट उड्डाण निवडावे, उन्हाळ्यात पहाटेचे किंवा रात्रीचे घ्यावे, कारण त्रास उडताना कमी आणि धावपट्टीवर वाट पाहताना जास्त होतो. गुंगीचे औषध देऊन विमानात चढवणे पशुवैद्यांना मान्य नाही. त्याने रक्तदाब उतरतो, शरीराचे तापमान सांभाळण्याची क्षमता मंदावते आणि वर कुणी लक्ष द्यायला नसते. नुसत्या हौसेच्या चार दिवसांच्या सहलीसाठी मी कोणत्याही प्राण्याला सामानाच्या कक्षात ठेवणार नाही. घर बदलायचे असेल तर गोष्ट वेगळी.

परदेशी न्यायचे तर कागदपत्रे महिनोन्महिने आधी सुरू करावी लागतात आणि त्यात क्रमाला फार महत्त्व असते. उदाहरणार्थ, युरोपीय संघात नेताना आधी मायक्रोचिप बसवलेली असावी लागते आणि मग रेबीजची लस. लस आधी आणि चिप नंतर झाली असेल तर ती लस धरत नाहीत. लस टोचताना प्राणी किमान 12 आठवड्यांचा हवा आणि पहिल्या लसीनंतर 21 दिवस थांबावे लागते. काही देशांतून येणाऱ्या प्राण्यांना रक्ततपासणीही लागते. ते रक्त लसीनंतर किमान 30 दिवसांनी घेतात, त्यात लसीमुळे तयार झालेल्या प्रतिपिंडांचे (अँटिबॉडीजचे) प्रमाण मिलिलिटरला 0.5 आंतरराष्ट्रीय एककाहून कमी नसावे लागते आणि त्यानंतरही तीन महिने थांबावे लागते. आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वेत जाणाऱ्या कुत्र्याला पोहोचण्याच्या 24 ते 120 तास आधी पट्टकृमीचे औषध दिल्याची नोंद लागते. ऑस्ट्रेलिया याहून कडक. 2015 साली जॉनी डेप या अभिनेत्याचे दोन छोटे कुत्रे खासगी विमानातून नोंद न करता तिथे उतरले, तेव्हा तिथल्या कृषिमंत्र्यांनी 'कुत्रे परत न्या, नाहीतर मारावे लागतील' असे जाहीर सांगितले होते आणि ते कुत्रे मुकाट्याने परत गेले.

मायक्रोचिपविषयी एक गैरसमज इथेच दूर करावा. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप प्राणी कुठे आहे हे सांगत नाही, तिला बॅटरी नसते. स्कॅनर जवळ नेला की ती आपला 15 अंकी क्रमांक सांगते, आणि तो क्रमांक आपल्या चालू फोन नंबरशी नोंदवलेला असेल तरच तिचा उपयोग. गळ्यातल्या बिल्ल्यावर मी नाव न कोरता फोन नंबर कोरला आहे. फोनमध्ये भुरी आणि बंड्याची दोन्ही बाजूंनी काढलेली, खुणा दिसतील अशी ताजी छायाचित्रे ठेवते, कारण हरवलेल्या मांजराचे वर्णन 'राखाडी, डोळे हिरवे' असे करून कुणाला काही ओळखू येत नाही.

वाटेत दर दोन-तीन तासांनी थांबावे हे सगळे सांगतात. त्यातली धोक्याची जागा मात्र कुणी सांगत नाही, ती म्हणजे दार उघडण्याचा क्षण. प्राणी निसटतात ते बहुधा याच क्षणी. त्यामुळे आधी साखळी हार्नेसला अडकवायची, तिचा फास मनगटात घालायचा, मग सीटबेल्टची खाच सोडायची आणि सर्वांत शेवटी दार उघडायचे. हा क्रम मी बंड्यासमोर मोठ्याने म्हणत करते आणि शेजारच्या गाडीतली माणसे माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. उतरल्यावर आधी पंजाखालच्या डांबरावर स्वतःचा उलटा हात पाच-सात सेकंद ठेवून पाहते. हाताला चटका सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. पाणी घरचेच नेते, नव्या पाण्याने पोट बिघडते असा अनुभव आहे. मांजराला मात्र वाटेत बाहेर काढू नये. दारे-काचा बंद करून, उभ्या गाडीत, पसरट ट्रेमध्ये तिची नेहमीची माती घालून पिंजऱ्याचे दार उघडावे. भुरी बहुतेक वेळा ट्रेकडे तुच्छतेने बघते आणि परत आत जाते. बरीच मांजरे प्रवासभर शू करत नाहीत आणि दिवसभर हे चालून जाते. पण मुक्कामी पोहोचल्यावरही बोका ट्रेमध्ये वारंवार बसतो आहे आणि थेंबही पडत नाही असे दिसले, तर ती मूत्रमार्ग तुंबल्याची खूण असू शकते आणि तिथे सकाळपर्यंत थांबायचे नसते. म्हणून मुक्कामाच्या जागी रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना कुठे आहे, हे मी निघण्याआधीच शोधून ठेवते.

कधी कधी उत्तम प्रवास म्हणजे प्राण्याला न नेणे, हेही स्वच्छ लिहायला हवे. दोन-तीन दिवसांसाठी जायचे असेल तर भुरीला मी आता नेत नाही, ओळखीचे माणूस दिवसातून दोनदा घरी येऊन जाते. मांजराला सोबतीइतकीच जागा प्रिय असते आणि तिला घरापासून तोडण्यापेक्षा आपण घरातून जाणे तिला सोपे जाते. बंड्याचे उलटे आहे. त्याला माणसे असली की कुठलीही जागा चालते. म्हातारा, आजारी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेला प्राणी असेल तर निर्णय डॉक्टरांवर सोपवावा, आपल्या उत्साहावर नव्हे.

पोहोचल्यावर सगळे घर एकदम दाखवायची घाई करू नये. एक छोटी खोली निवडावी, खिडक्या लावाव्यात, ट्रे एका कोपऱ्यात आणि खाणे दुसऱ्या कोपऱ्यात ठेवावे आणि पिंजऱ्याचे दार उघडून आपण बाजूला बसावे. खाणे तेच असावे जे घरी असते, कारण मांजराने दोन-तीन दिवस खाणे सोडले तर त्याच्या यकृतात चरबी साठून गंभीर आजार होऊ शकतो, विशेषतः ते लठ्ठ असेल तर. आणि पिंजरा उघडण्याच्या आधी खोलीतल्या पलंगाखाली वाकून बघावे. मागच्या खेपेला हे मी विसरले. परतीच्या दिवशी सकाळी सात वाजता निघायचे ठरले होते, सामान गाडीत भरले होते, बंड्या हार्नेस घालून दारात उभा होता आणि भुरी एका अवजड पलंगाखाली, भिंतीच्या अगदी कडेला, कुणाचाही हात पोहोचणार नाही अशा जागी बसून शांतपणे आमच्याकडे बघत होती. दादा झाडू आणायला निघाला, त्याला थांबवले. पिंजरा पलंगाजवळ दार उघडे ठेवून ठेवला, आत तिची ती न धुतलेली चादर होती, आणि आम्ही दोघे खोलीबाहेर जाऊन बसलो. पावणेनऊला आत डोकावले तेव्हा ती पिंजऱ्यात झोपली होती. या वेळी कडी मी स्वतः लावली आणि दोनदा ओढून पाहिली.